मोकळा सोडलेला कुत्रा मांजरामागे धावू नये म्हणून

मांजर हाती लागलं नाही तरी पाठलागातच कुत्र्याला बक्षीस मिळतं. म्हणून सवय सुटेपर्यंत त्याला मोकळं सोडायचं नाही.

सुरुवात घरात, मांजर नसताना. एकदाच हाक मारा. तो वळला की लगेच खाऊ, एरवी कधीच न मिळणारा, वाटाण्याएवढे तुकडे करून. ५ मिनिटं, दिवसातून ३ वेळा पुरे. दहादा हाक मारलीत, तर पहिल्या नऊ हाका ऐकायच्या नसतात एवढंच तो शिकतो.

मग १० मीटरची दोरी, हार्नेसला (छाती-पाठीभोवती बसणाऱ्या पट्ट्याला) बांधलेली. गळपट्ट्याला नको, धाव घेतल्यावर मानेला जोराचा हिसका बसतो. दोरी हाताला गुंडाळू नका. मांजर दिसतंय, पण कुत्रा खाऊ खातोय, एवढ्या अंतरावर उभे राहा. त्याने तिकडे पाहिलं की हाक, वळला की खाऊ. अंग ताठ झालं, नजर खिळली, खाऊकडे लक्षच नाही? मग तुम्ही फार जवळ आहात, मागे सरका. बहुतेकांचं घाईमुळे इथेच बिघडतं.

बसलेलं मांजर सोपं, पळणारं अवघड. दोन्हींचा सराव वेगळा करा. पळत्या मांजरावरूनही तो सतत परत येऊ लागला, की दोरी जमिनीवर घासत राहू द्या. ती काढायची सगळ्यात शेवटी, तीही आधी कुंपण असलेल्या जागेत.

मारणं, विजेचा झटका देणारा पट्टा टाळाच: मांजर दिसलं की दुखतं, असं समीकरण बसून कुत्रा उलट चिडका होऊ शकतो. काही कुत्र्यांची शिकारी ओढ मात्र इतकी तीव्र असते की त्यांना दोरी कायमचीच.