मॉनिटरिंगचा डेटा: आधी नक्कल, मग पडताळणी, त्यानंतरच सफाई

दर १० सेकंदांनी मोजमाप घेणारा एक सेन्सर दिवसाला ८,६४० नोंदी लिहितो. असे ५०० सेन्सर असतील, तर दिवसाला ४३ लाख २० हजार नोंदी होतात आणि महिन्याला जवळपास १३ कोटी. एवढं ओझं झालं की डॅशबोर्ड रेंगाळतो आणि बॅकअप लांबत जातो. म्हणून जुना डेटा दुसऱ्या डेटाबेसमध्ये, म्हणजे संग्रहात, न्यायचा आणि मुख्य डेटाबेसमधून काढून टाकायचा, हे काम वेळापत्रकावर लावावं लागतं.

यासाठी अनेकदा दोन स्वतंत्र जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) लावलेले दिसतात: रात्री १ वाजता नक्कल, ३ वाजता सफाई. ही मांडणी मला धोक्याची वाटते. नक्कल करणारा जॉब कित्येक दिवस बंद पडलेला असला, तरी सफाईचा जॉब आपलं काम नेमाने करत राहतो आणि कुठेही नक्कल नसलेला डेटा कायमचा जातो. सफाई नेहमी नक्कल झाल्याच्या पुराव्यावर चालली पाहिजे.

सुरुवात मुदत ठरवण्यापासून करा. मुख्य डेटाबेसमध्ये कच्च्या नोंदी किती दिवस हव्यात? चौकशीसाठी साधारण किती मागे जावं लागतं, ते बघून ठरवा. ३० दिवसांपासून सुरुवात करायला हरकत नाही. दीर्घकाळासाठी तासागणिक सारांश ठेवा: किमान, कमाल, सरासरी आणि नोंदींची संख्या. झॅबिक्स या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमधले ट्रेंड्स असेच असतात. संख्या वगळू नका, कारण तिच्याशिवाय तासांच्या सरासऱ्यांवरून दिवसाची खरी सरासरी काढता येत नाही.

डेटाबेसचं अंगभूत रेप्लिकेशन (प्रत्येक बदल आपोआप दुसऱ्या सर्व्हरवरच्या प्रतीत, म्हणजे रेप्लिकात, उतरवणं) म्हणजे संग्रह, हा समज आधी सोडा. मूळ ठिकाणी नोंद पुसली की रेप्लिकावरही ती पुसली जाते. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या लॉजिकल रेप्लिकेशनमध्ये फक्त नव्या नोंदी पाठवायची सोय आहे, पण पलीकडचा सर्व्हर बंद पडला तर रेप्लिकेशन स्लॉट (कुठपर्यंत पाठवलं ते लक्षात ठेवणारी सोय) मूळ सर्व्हरवर बदलांचा लॉग साठवत राहतो आणि डिस्क भरू शकते. त्या साठ्याला मर्यादा घालणारी सेटिंग आवृत्ती १३ पासून आहे; मात्र ती मर्यादा ओलांडली गेली की स्लॉट निकामी होतो आणि नक्कल नव्याने जुळवावी लागते.

स्वतःचा जॉब लिहिणार असाल, तर 'इथपर्यंत नेलं' ही खूण एका छोट्या टेबलात ठेवा. खरी मेख इथे आहे. ही खूण मोजमापाच्या वेळेवर ठेवू नका. नेटवर्क तुटलं की अनेक एजंट (मोजमापं पाठवणारे छोटे प्रोग्राम) नोंदी स्वतःजवळ साठवतात आणि नंतर पाठवतात. त्या नोंदींवर जुनी वेळ असते, खूण मात्र पुढे गेलेली असते, त्यामुळे त्या कायमच्या सुटतात. त्यापेक्षा नोंद डेटाबेसमध्ये शिरल्याची वेळ वापरा. तरीही लांबलेल्या ट्रान्झॅक्शनमधली (एकत्रच पक्क्या होणाऱ्या बदलांच्या गटातली) नोंद उशिरा दिसते, म्हणून शेवटची १० मिनिटं सोडून द्या आणि दर फेरीला मागचा एक तास पुन्हा वाचा. दुबार नोंदी होऊ नयेत म्हणून संग्रहातल्या टेबलावर सेन्सर आणि मोजमापाची वेळ मिळून युनिक इंडेक्स (तीच जोडी दुसऱ्यांदा शिरू न देणारा) लावा, आणि आधीच असलेली नोंद आली तर ती गुपचूप वगळा. मग जॉब मध्येच तुटला, तरी पुन्हा चालवायला भीती नाही.

पडताळणी दर दिवसाची करा. प्रत्येक सेन्सरच्या नोंदींची संख्या आणि मूल्यांची बेरीज दोन्हीकडे काढा; बेरीज दशांशात असेल तर किंचित फरक चालेल. जुळलं तरच त्या दिवसावर 'पडताळलं' असा शिक्का मारा. पुसण्याच्या आधी, मुदत संपताना, हीच तुलना पुन्हा करा. उशिरा आलेल्या नोंदी तेव्हा सापडतात.

सफाईचा नियम मग सोपा उरतो: मुदत उलटलेली आणि पडताळलेली, दोन्ही अटी पूर्ण असतील तरच पुसा. एका झटक्यात लाखो नोंदी पुसू नका. पाच-पाच हजारांचे तुकडे करा आणि मध्ये थोडं थांबा. पोस्टग्रेसमध्ये नोंदी पुसल्यावर फाइल सहसा लहान होत नाही. व्हॅक्यूम ही त्याची अंगभूत आवराआवर ती जागा पुढच्या नोंदींसाठी मोकळी करतो, इतकंच. व्हॅक्यूम फुल जागा परत देतो, पण तोवर टेबल पूर्ण बंद राहतं. म्हणून दिवसवार पार्टिशन करणं, म्हणजे टेबलाचे दिवसागणिक वेगळे भाग पाडणं, उत्तम: जुना दिवस म्हणजे एक अख्खं पार्टिशन, ते काढायला क्षण पुरतो आणि जागाही लगेच सुटते.

वेळापत्रक यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवा, कारण उन्हाळ्यात घड्याळ पुढे-मागे करणाऱ्या देशांत रात्रीचा जॉब चुकू शकतो किंवा दोनदा चालू शकतो. नक्कल दर १५ मिनिटांनी, सफाई दिवसातून एकदा. आधीची फेरी संपली नसेल तर नवी सुरूच होऊ नये, यासाठी लॉक घ्या.

खूण किती मागे पडली आहे, यावरच अलर्ट लावा. जॉब अपयशी झाल्याचा अलर्ट पुरत नाही. सुरूच न झालेला जॉब अपयशही कळवत नाही.

पहिले दोन आठवडे सफाई फक्त कोरडी चालवा: काय पुसलं असतं ते लॉगमध्ये लिहा, पुसू मात्र नका. त्या काळात संग्रहातून एखादा जुना दिवस काढून त्याचा आलेख उभा करून बघा. तो नीट आला, की खरी सफाई सुरू करा.