शेअर घ्या नाहीतर बाँड, आधी सेक्टर समजून घ्या

कंपनीचा निकाल चांगला आला, कर्ज कमी आहे, तरी शेअर पडतोय, असं झालं की आपण कंपनीत खोट शोधत बसतो, पण बऱ्याचदा तो सगळा सेक्टरच (म्हणजे एकाच प्रकारचा धंदा करणाऱ्या कंपन्यांचा गट) खाली आलेला असतो आणि कंपनी बिचारी त्याच्याबरोबर खाली गेलेली असते. म्हणून कंपनीच्या आधी सेक्टर बघायचा.

जगभरात सगळ्यात जास्त वापरली जाणारी वर्गवारी म्हणजे जीआयसीएस, शेअर बाजाराचे निर्देशांक बनवणाऱ्या एमएससीआय आणि एस अँड पी या कंपन्यांनी 1999 मध्ये सुरू केलेली, तिच्यात सध्या 11 सेक्टर आहेत. पण नुसत्या लेबलवर जाऊ नका. गूगलची अल्फाबेट आणि फेसबुक 2018 पर्यंत आयटीत होत्या, मग कम्युनिकेशनमध्ये टाकल्या, व्हिसा आणि मास्टरकार्ड 2023 मध्ये आयटीतून फायनान्शियलमध्ये गेल्या. धंदा तोच, खाना बदलला. अ‍ॅमेझॉन तर कागदावर ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सेक्टरमध्ये आहे पण नफ्याचा मोठा वाटा क्लाउडमधून, म्हणजे इतर कंपन्यांना सर्व्हर भाड्याने देण्यातून येतो. म्हणून वार्षिक अहवालात सेगमेंटचं, म्हणजे कंपनीच्या वेगवेगळ्या धंद्यांच्या हिशोबाचं पान उघडा, विक्री कशातून येते आणि नफा कशातून येतो ते वेगवेगळं बघा, नफा जिथून येतो तोच तुमचा खरा सेक्टर.

मग बघायचं की मंदी आली तर लोक ही वस्तू घ्यायचं थांबवतील का. साबण, औषधं, वीज कोणी सोडत नाही, हे डिफेन्सिव्ह. गाड्या, स्टील, सिमेंट, विमान प्रवास पुढे ढकलता येतो, हे सायक्लिकल. आणि सायक्लिकलमध्ये पीई (शेअरचा भाव प्रति शेअर नफ्याच्या किती पट आहे तो आकडा) बघून फसायला होतं, कारण तेजीच्या टोकाला नफा फुगलेला असतो म्हणून शेअर स्वस्त दिसतो, आणि नेमकं तेव्हाच चक्र फिरायला आलेलं असतं. अशा कंपनीचा एका वर्षाचा नफा धरू नका, चांगली-वाईट दोन्ही वर्षं येतील अशी सात-आठ वर्षांची सरासरी काढा.

आता बाँडकडे या, म्हणजे आपण कंपनीला दिलेल्या कर्जाकडे, कारण इथे तोच सेक्टर वेगळा दिसतो. शेअरवाल्याला तेजीत कितीही फायदा होऊ शकतो, बाँडवाल्याला ठरलेलं व्याज आणि मुद्दल, त्यापेक्षा कंपनी जास्त काही देणार नाही. म्हणजे बाँडवाल्याने चांगलं वर्ष नाही, सगळ्यात वाईट वर्ष बघायचं. समजा दोन कंपन्या आहेत, दोघींचा व्याजाआधीचा नफा 300 आणि वर्षाचं व्याज 100, दोघी तिप्पट सुरक्षित वाटतात. मंदी आली, साबणवालीचा नफा 270 झाला, स्टीलवालीचा 120 वर आला. पहिलीला काही फरक पडला नाही, दुसरी जेमतेम व्याज भरतेय आणि त्याच वर्षी तिचा जुना बाँड परत करायची वेळ आली तर नवीन कर्ज महाग मिळेल किंवा मिळणारच नाही. म्हणून कर्ज कुठल्या वर्षी किती फेडायचंय तो तक्ता बघितल्याशिवाय सायक्लिकल कंपनीचा बाँड घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

2014 च्या मध्यात कच्चं तेल बॅरलला 100 डॉलरच्या वर होतं, 2016 च्या सुरुवातीला 30 च्या खाली गेलं. कर्ज काढून विहिरी खणणाऱ्या अमेरिकेतल्या कितीतरी छोट्या तेल कंपन्या त्यात बुडाल्या, आणि त्याच काळात विमान कंपन्यांचा इंधनाचा खर्च कमी झाला. एकाच भावाचे दोन सेक्टरवर उलटे परिणाम, म्हणून आपल्या सेक्टरची नाडी कुठल्या भावात आहे ते एका ओळीत लिहून ठेवा, तेल की व्याजदर की डॉलर.

बँकांचं गणित मात्र अगदी वेगळं. व्याज हाच त्यांचा कच्चा माल, त्यामुळे वरचा व्याजाचा हिशोब इथे चालत नाही, बुडीत कर्ज आणि भांडवल किती ते बघायचं. आणि बाँडच्या अटी नीट वाचायच्या. मार्च 2023 मध्ये क्रेडिट सुइस या स्विस बँकेचे सुमारे 16 अब्ज फ्रँकचे एटी1 बाँड (बँक अडचणीत आली तर ज्यांचे पैसे बुडवता येतात असे बाँड) शून्य केले गेले, आणि शेअरहोल्डरना मात्र थोडेफार पैसे मिळाले, आधी बाँडवाले आणि शेवटी शेअरवाले हा नेहमीचा क्रम उलटा झाला.

शेवटी सगळं एका कागदावर मांडा. शेअर, बाँड, फंडातून आलेले शेअरसुद्धा, प्रत्येकापुढे सेक्टर लिहा आणि बेरीज करा. पाच फंड असूनही निम्मे पैसे बँकांमध्येच आहेत असं सहज निघतं. त्या कागदावर तुमची नोकरी कुठल्या सेक्टरमध्ये आहे तेही लिहा, आयटीत काम करणाऱ्याने वर आणखी आयटीचे शेअर साठवले तर पगार आणि गुंतवणूक दोन्ही एकाच वेळी अडकू शकतात.