कापूस घरात भरण्याआधी

मी अमळनेर तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी, रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जाणारा. जगातला पैसा आणि देवाजवळची संपत्ती यांचा हिशेब कसा ठेवायचा हे मला कापसाने शिकवलं, म्हणून कापसावरूनच सांगतो.

2022 च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला 10,000 च्या वर गेला होता. त्या आशेवर पुढच्या हंगामात आमच्याकडे घराघरात कापूस भरून ठेवला गेला. माझा 22 क्विंटल पुढच्या खोलीत, पार आढ्यापर्यंत. पोरं ओट्यावर झोपायची. डिसेंबरात दारात आलेल्या व्यापाऱ्याला मी 8,500 ला नाही म्हटलं. उन्हाळ्यात कापसात बारीक किडे झाले, घरभर खाज सुटली आणि शेवटी 7,000 ला गाडी भरली. बायको म्हणाली, "हाऊ कापूस शे, देव नई." बायबलातल्या मत्तय 6:19 मध्ये पृथ्वीवरची संपत्ती खाणारी कसर, म्हणजे कीड, येते. ती मला तेव्हा कातडीवर समजली.

तर पहिलं काम: आठ दिवस उशाशी वही ठेवा. जाग आल्यावर मनात पहिलं काय आलं ते एका शब्दात लिहा. माझ्या वहीत सात दिवस 'भाव' निघाला, एक दिवस 'पाऊस'. मग मत्तयातच पुढे 6:21 वाचा: जिथे तुमचं धन, तिथे तुमचं मनही.

आता मजुरी. त्या वर्षी वेचणीच्या बायांना मी "कापूस विकला की देतो" म्हणत चार महिने लांबवलं, आणि त्याच काळात दर रविवारी अर्पणाच्या थैलीत शंभराची नोट टाकत होतो. बायबलातल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आधी कसर लागलेली वस्त्रं येतात, मग गंजलेलं सोनं, आणि लगेच मजुरांची अडकवलेली मजुरी ओरडते. सलग वाचा, मधे थांबू नका. आता काट्यावर वजन झालं की आठवड्याच्या आत मजुरी चुकती करतो, उसनवारी करावी लागली तरी. मजुरी थकवून काढलेला दशमांश, म्हणजे देवासाठी काढलेला उत्पन्नाचा दहावा हिस्सा, आपला नसतो, त्या बायांचा असतो.

विक्रीची पट्टी हातात पडताच दशमांश काढा, दुकानाची उधारी नंतर. एकूण रकमेवर की खर्च वजा जाता, यावर आमच्याकडे चहा थंड होईपर्यंत वाद चालतो. मी खर्च वजा करतो. मंडळीच्या पाळकांना पटत नाही.

कापणीच्या सणाला मंडळीत अर्पण आलेल्या पिकांचा लिलाव होतो, तिथे सांभाळा. मी एकदा एका भोपळ्यावर 1,100 पर्यंत गेलो, कारण समोरून चुलतभाऊ बोली चढवत होता. चार दिवस घरात भोपळ्याचीच भाजी! बोली गमतीपुरती लावा. मोठी रक्कम पाकिटावर नाव न घालता द्या. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे मत्तयातच आहे.

आणि बियाण्याचे, फीचे, दवाखान्याचे पैसे जरूर राखा. बायबलातलं पहिलं तीमथ्य 6:17 चंचल धनावर आशा ठेवू नका म्हणतं, सावकाराच्या दारात जा असं म्हणत नाही.

पुढच्या खोलीत यंदा कापूस चारच दिवस होता. तिथे खिळ्याला वेचणीच्या हिशेबाची वही टांगलीय. बायांना वाचता येत नाही, त्यांच्या पोरी येऊन वाचून दाखवतात. मागच्या आठवड्यात एकीने माझी तीन किलोची चूक काढली.