मोबाइलवरचा व्हिडिओ नीटस कसा झाला: माझा अनुभव

आत्याच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर टिपून ठेवायच्या होत्या. आवाज झकास येत होता, पण चित्र बघवत नव्हतं. आत्या मधोमध, वर निम्मी रिकामी भिंत आणि मागचा खांब थेट अंबाड्यातून उगवलेला.

आधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून ग्रिड चालू केलं. दोन आडव्या, दोन उभ्या रेघा, 9 चौकोन. आत्याचे डोळे वरच्या आडव्या रेघेवर आणले आणि तिला उजव्या उभ्या रेघेवर घेतलं. ती डावीकडे, माझ्या बहिणीकडे बघून गात होती, म्हणून मोकळी जागाही डावीकडेच. नजरेसमोर जागा नसली की माणूस कोंडल्यासारखा दिसतो.

सगळ्यात जास्त फरक उंचीने पडला. ती जमिनीवर बसलेली. उभ्याने, वरून घेतलं की माणूस खुजा दिसतो. एकावर एक पाट रचून मोबाइल तिच्या डोळ्यांच्या पातळीला आणला. तेवढ्यानेच ती आपल्यासमोर बसून गातेय असं वाटायला लागलं! वाइड लेन्स, म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपणारी लेन्स, मात्र टाळाच, जवळचा चेहरा ताणला जातो.

जातं हलवणं शक्य नव्हतं, मग मीच थोडा उजवीकडे सरकलो. खांब डोक्यापासून सुटून कडेला गेला.

शेवटी खुंट्यावरची मूठ आणि जात्याभोवती सांडणारं पीठ जवळून घेतलं. ओवी जिथे कापावी लागते तिथे हे तुकडे फार कामी येतात. फक्त तेही त्याच बाजूने घ्या, पलीकडून घेतले तर हात उलटीकडून आल्यासारखा दिसतो.