जुनी हत्यारं आणि नवीन पोरं : वर्कशॉपमधल्या या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूमचे (यंत्रमागाचे) पार्ट दुरुस्त करणाऱ्या शॉपमध्ये मी फिटर आहे. दरवर्षी आयटीआयची नवीन पोरं येतात आणि दरवर्षी त्याच चुका, खरंच वैताग आलाय. निम्म्या चुका पोरांच्या आणि निम्म्या त्यांना शिकवणाऱ्या मिस्त्री लोकांच्या, म्हणून दोघांसाठी लिहितोय.

नवीन पोराची फिरकी घेणं

ही चूक आपली, मोठ्यांची. पोरगं आलं की पहिल्याच दिवशी "जा बे, स्टोअरमधून डावखुरा हातोडा आण", नाहीतर "लेव्हलमधला बुडबुडा संपलाय, नवीन घेऊन ये". मग ते एप्रिलच्या उन्हात या शॉपमधून त्या शॉपमध्ये फिरतं, प्रत्येक जण हसू दाबून पुढे पाठवतो. आमच्या वेळी पण असंच होतं म्हणतात, असेल. पण त्यातून काय होतं ते मी बघितलंय. पोरगं विचारायचं बंद करतं, आणि दुसरं म्हणजे तुम्ही खरं सांगितलेलं पण त्याला खोटं वाटायला लागतं. आणि आपल्या धंद्यात ऐकायला खोट्या वाटणाऱ्या खऱ्या गोष्टी लई आहेत.

मी आधी ज्या शॉपला होतो तिथली गोष्ट. एका पोराला आठवडाभर सगळ्यांनी मिळून मामा बनवलेलं. मग बेंच ग्राइंडरचं (टेबलावरचं, दोन टोकांना दोन घासायची चाकं असलेलं मशीन) डाव्या बाजूचं चाक बदलायचं निघालं. मिस्त्रींनी सांगितलं, "तो नट उलटा फिरव, उलटे आटे आहेत त्याला." पोराने सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं, त्यातला एक जण नेमका हसत होता, झालं, याने ठरवलं की ही पण चेष्टाच. नेहमीसारखा डावीकडे फिरवून खोलायला गेला, हलेना म्हणून पान्याला पाइप लावला आणि सगळं अंग टाकलं. नट आवळत आवळत गेला आणि शेवटी आटेच गेले. शाफ्ट उतरवून लेथवर न्यावा लागला, काम अडकलं, आणि बोलणी कोणी खाल्ली तर त्या पोराने. मला विचाराल तर चूक त्याची नव्हतीच.

उलटे आटे का असतात ते पण त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ग्राइंडरचं चाक वरून आपल्याकडे फिरतं, त्यामुळे डाव्या टोकाला साधे आटे ठेवले तर फिरता फिरता नट आपोआप सैल होईल, म्हणून तिकडे उलटे. अॅसिटिलीनच्या सिलेंडरच्या नटाला पण उलटेच आटे असतात, आणि ओळखायला नटाच्या कोपऱ्यांवर खाचा पाडलेल्या असतात.

बास्टर्ड कानस पण तसलीच. जाड दात्यांची रफ आणि बारीक दात्यांची सेकंड कट यांच्या मधली कानस, खरंच हेच नाव आहे, पण पोरगं स्टोअरकीपरसमोर उभं राहून मागायला घाबरतं. व्हिटवर्थच्या (जुन्या इंग्रजी इंचाच्या मापातल्या आट्यांच्या) पान्याचं पण तसंच. जुन्या लूमवर अजून व्हिटवर्थचे आटे सापडतात, त्याच्या पान्यावर १/२ डब्ल्यू लिहिलेलं असतं. पोरगं मोजतं तर तोंड निघतं साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास, आणि त्याला वाटतं पुन्हा आपली चेष्टा चाललीये. १/२ हा आकडा बोल्टच्या जाडीचा, म्हणजे अर्ध्या इंचाचा असतो, नटाच्या तोंडाचा नाही. हे माहीत नसलं की चोवीसचा पाना लावतात आणि नटाचे कोपरे गोल करून ठेवतात. आणि त्या बोल्टच्या जागी एम १२ (१२ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट) घुसवू नका, व्हिटवर्थला इंचात १२ आटे आणि कोन ५५ अंशांचा, मेट्रिकला पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, पावणेदोन मिलिमीटर आणि कोन ६० अंश. दोन-तीन आटे जातील, पुढे जबरदस्ती केली की दोन्ही खराब.

माझी सवय अशी आहे की पहिल्या दिवशी पोराला बेंचवर बसवतो आणि या सगळ्या विचित्र वस्तू त्याच्या हातात देतो, फिरव म्हणतो, मोज म्हणतो. आणि सांगून ठेवतो की माझं काहीही पटलं नाही तर सरळ "खरं का मामा?" विचारायचं, मी चिडणार नाही.

हवेच्या नळीने मस्करी, गरम जॉब (ज्यावर काम चाललंय तो तुकडा) "उचल रे जरा" म्हणून हातात देणं, चालू मशीनवर दचकवणं, यावर मी वादच घालत नाही. अंगात हवा सोडण्याच्या मस्करीत आपल्या देशात माणसं मेली आहेत. असं करणाऱ्याला त्याच दिवशी गेटबाहेर काढावं.

कानशीचे हाल

आता पोरांनो, तुमच्याकडे येतो. कानस फक्त पुढे जाताना कापते. मागे आणताना दाब सोडायचा, पण सगळे करवतीसारखं मागेपुढे दाबून घासतात आणि दाते मारून टाकतात. नवीन कानस कास्टिंगच्या (ओतीव लोखंडाच्या) वरच्या कातडीवर चालवू नका, तिथे वाळू असते आणि कातडी कडक असते, आधी जुन्या कानशीने ती काढा. मी नवीन कानस आधी काही दिवस पितळेवरच वापरतो, मग लोखंडावर.

जवळून बघा कधीतरी, दोन दात्यांच्या मध्ये लोखंडाचा बारीक कण अडकलेला असतो, टाचणीच्या टोकाएवढा. तो एक कण अख्ख्या जॉबवर लांब ओरखडा पाडतो आणि मग पोरगं तो ओरखडा काढायला आणखी जोर लावतं, आणखी ओरखडे. उपाय सोपा, कानशीवर आधी खडू घासायचा आणि मधूनमधून तारेच्या ब्रशने दात्यांच्या रेषेत झाडायचं. एवढा धीर नसतो म्हणून आजकाल लगेच हातातला ग्राइंडर उचलतात. मला ते अजिबात आवडत नाही. ज्याला कानशीने सपाट करता येत नाही त्याला ग्राइंडरने पण येत नाही, फक्त लवकर बिघडवता येतं.

कानशी ड्रॉवरमध्ये एकावर एक टाकू नका. मुठीशिवाय वापरू नका, शेपटी (मुठीत बसणारं टोक) तळहातात घुसते. टॉमी म्हणून, म्हणजे उचकटायला, तर नकोच, कडक असते, कट्कन तुटते.

भंगारात गिरण्यांच्या जमान्यातल्या कानशी मिळतात, त्या गंजल्या म्हणून टाकू नका. रात्रभर व्हिनेगरमध्ये, सकाळी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात, मग ब्रश, उन्हात वाळवून तेलाचा हात.

बाकीच्या पटापट

हॅकसॉच्या (लोखंड कापायच्या करवतीच्या) ब्लेडचे दाते पुढच्या बाजूला. पातळ पाइपला इंचाला ३२ दात्यांचं ब्लेड, कमीत कमी तीन दाते धातूवर टेकले पाहिजेत. ब्लेड तुटलं तर नवीन ब्लेड जुन्या खाचेत घालू नका, झिजलेल्या ब्लेडची खाच अरुंद असते, जॉब फिरवून दुसरीकडून सुरू करा.

छन्नीचं डोकं फुललं की लगेच घासून काढा, तिथून उडालेला तुकडा डोळ्यात जातो.

जुनी छन्नी ग्राइंडरवर धार लावताना निळी पडली की कडकपणा गेला. सारखी पाण्यात बुडवा.

मंकी पान्याचा जोर स्थिर जबड्यावर यायला हवा, हलणाऱ्यावर नाही.

टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) मारताना एम ८ ला ६.८ मिलिमीटरचं भोक, एम ६ ला ५ चं. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, तेल घालत. तरीही तुटला तर वर ग्रीस चोपडून जॉब रॅकवर ठेवून देऊ नका, येऊन सांगा. टोक वर असेल तर पंचने हळूहळू उलटा ठोकून निघतो, खोल तुटला असेल तर स्पार्क मशीनवर (विजेच्या ठिणग्यांनी धातू काढणाऱ्या मशीनवर) पाठवू. पण लपवलेल्या टॅपवर दुसऱ्याने ड्रिल घातलं की ड्रिल पण जातं आणि जॉब पण.