जेनेटिक्सवाल्या गायनॅककडं जायच्या आधी

मला आत्याच्याच घरी दिलंय, आपल्या लातूर-बीड साईडला यात कुणाला नवल नाही, पण दिवस गेले तेव्हा गावातल्या डॉक्टरबाईंनी लगेच जेनेटिक्स, म्हणजे पिढीजात आजारांचं, शिकलेल्या गायनॅककडं पाठवलं आणि घरात सगळ्यांची तोंडं उतरली. जायच्या आधी काय करायचं ते सांगते.

पहिलं काम घरचंच, आणि तेच लई अवघड. सासर-माहेरच्या तीन पिढ्या कागदावर काढा, कोण कुणाच्या नात्यात दिलंय, कुणाचं लेकरू जन्मून गेलं, कुणाचं सारखं पोट पडलं, कुणाला रक्त चढवावं लागतं, कोण जन्मापासून बोलत-ऐकत नाही. फोनवर विचारलं की सगळे म्हणतात काही नाही, सगळं चांगलंय. एखाद्या म्हाताऱ्या मावशीजवळ शेंगा फोडत बसा, तिला सगळं माहीत असतं. "नजर लागून गेलं" म्हणली तरी लिहा, किती दिवसाचं होतं तेवढं विचारा. डॉक्टर त्याचं चित्र काढतात, पुरुष चौकोन, बाई गोल, नात्यातलं लग्न असंल तर मधे दोन रेघा. आमच्या कागदावर तीन ठिकाणी दोन रेघा आल्या!

घाबरू नका पण. कुठल्याही जोडप्यात १०० मधल्या २-३ बाळांना जन्मतः काहीतरी दोष असतोच, आते-मामे भावंडांत तो साधारण दुप्पट धरतात, म्हणजे बहुतेक लेकरं ठणठणीतच. गडबड तेव्हा, जेव्हा नवरा-बायको दोघांकडं सारखाच बिघडलेला जीन (आईबापाकडून लेकरात उतरतो तो) निघतो, मंग प्रत्येक खेपेला २५ टक्के धोका, पहिलं चांगलं निघालं म्हणून दुसऱ्याला सूट नाही. थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराचं असंच. लोहाच्या गोळ्या खाऊन पण हिमोग्लोबिन वाढत नसंल तर एचबीए-टूची टेस्ट (थॅलेसेमियासाठी रक्ताची) विचारा, मायनर, म्हणजे एकच बिघडलेला जीन असलेली, निघाली तर नवऱ्याची पण करायची, "मला काय झालंय" म्हणतील, तरी न्यायचं.

आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, ती तारीख लिहून ठेवा. एनटी सोनोग्राफी (बाळाच्या मानेमागची जाडी बघतात) आणि डबल मार्कर (आईच्या रक्ताची टेस्ट) ११ ते १३ आठवड्यांत, पण ती नुसती चाळणी आहे, पक्कं कळायला वारेचा तुकडा साधारण त्याच सुमारास नाहीतर १६ व्या आठवड्याच्या पुढं पोटातलं पाणी काढून तपासतात. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचे नेमके हेच आठवडे फडात जातात. रक्ताच्या टेस्ट निघायच्या आधीच करून घ्या, फाईल कोयत्यासोबत न्या, मुकादमाला आधी सांगून ठेवा. उशीर झाला की पर्याय कमी होतात, बाळात मोठा दोष निघाला आणि २४ आठवडे उलटले तर गर्भपाताचं मेडिकल बोर्डाकडं जातं.

डॉक्टरांना एकच विचारा, हे पुढच्या खेपेला परत होईल का, आणि उत्तर तिथंच लिहून घ्या, घरी येईपर्यंत नुसतं "काहीतरी जीन म्हणले" एवढंच उरतं.

आणि सोबत येणाऱ्यांना घरीच बजावून न्या, पाणी तपासलं तरी मुलगा की मुलगी सांगत नाहीत, १९९४ चा कायदा आहे. आमच्या आत्यानं तरी विचारलंच. डॉक्टरांनी नुसतं भिंतीवरच्या पाटीकडं बोट दाखवलं.