पहिली-दुसरीच्या वर्गात ज्यूंचे सण कसे शिकवावेत

सुरुवात चंद्रापासून करा. ज्यू पंचांग चंद्रावर चालतं आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून १९ वर्षांत ७ वेळा अधिक महिना धरतं. अधिक महिना मुलांनी घरी ऐकलेला असतो, त्यामुळे सणांच्या तारखा का सरकतात ते लगेच समजतं. २०२५ मध्ये रोश हशाना, म्हणजे ज्यू नववर्ष, घटस्थापनेच्याच संध्याकाळी लागलं. त्यांचा दिवस सूर्यास्तापासून सुरू होतो, हेही इथेच सांगून टाका.

मग सण आपल्याकडे आणा. कोकणातल्या बेने इस्रायलींसाठी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या मराठी ज्यूंसाठी, रोश हशाना हा ‘नव्याचा सण’. अलिबागला इस्रायल आळी आहे, ठाण्यात १८७९ सालचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे. वर्गात ज्यू मूल असेल तर त्याला सगळ्यांसमोर उभं करून ‘तू सांग’ म्हणू नका. आधी पालकांशी बोला.

नववर्षासाठी सफरचंदाच्या फोडी आणि मध पुरे. वर्ष गोड जावं हा त्यामागचा भाव. बेने इस्रायली घरांत गव्हाच्या चिकाचा हलवाही होतो. सिनेगॉगमध्ये मेंढ्याच्या शिंगाचा शोफार फुंकतात. त्याचे नाद मुलांना तोंडाने काढू द्या: एक लांब, मग तीन तुटक, मग नऊ अगदी छोटे. प्रार्थनेचं नाटक मात्र बसवू नका. कुणाची उपासना हा आपला खेळ नव्हे.

दहा दिवसांत योम किप्पुर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, येतो. मोठी माणसं सुमारे २५ तास अन्नपाणी घेत नाहीत. लहानांना उपास नसतो, तेव्हा वर्गातही नको. माणसाचं मन दुखावलं असेल तर त्याच माणसाकडे जाऊन माफी मागायची, ही शिकवण सहा वर्षांच्या मुलाला नीट कळते. ज्याचा खडू हिसकावला त्याच्याजवळ जाऊन हळूच बोलू द्या. सगळ्यांसमोर कबुली घेऊ नका.

खरा वेळ ठेवा सुक्कोतसाठी. इजिप्तमधून निघालेले पूर्वज वाळवंटात झोपड्यांत राहिले, त्याची ही आठवण. शिवाय सुगीचाही सण. पौर्णिमेपासून सात दिवस कुटुंब सुक्का नावाच्या मांडवात जेवतं. बुटांचं खोकं घ्या, झाकण काढा, एक लांब बाजू कापून टाका. उरल्या तीन भिंती. छपरावर काटक्या, नारळाच्या पातीचे तुकडे, सुकं गवत पसरा. प्लॅस्टिक किंवा कापड चालत नाही, छप्पर जमिनीतून उगवलेल्या आणि तोडलेल्या वस्तूंचंच हवं. उन्हापेक्षा सावली जास्त पडावी, पण रात्री तारे दिसावेत. आता खोली अंधारी करून वरून टॉर्च धरा. आत उजेडाचे ठिपके पडले तर छप्पर जमलं. मिट्ट अंधार झाला तर मुलं आपणहून चार काटक्या काढतात, पुन्हा बघतात. ही खटपट अजिबात आटपू नका. जमल्यास महाळुंग, म्हणजे लिंबाच्या जातीचं फळ, आणा. या सणात ते खजुरीच्या पानासोबत हातात धरतात. वर्गात नुसता वास घेऊ द्या.

शेवटी सिम्हात तोरा: तोरा या गुंडाळीवर लिहिलेल्या धर्मग्रंथाचं वर्षभराचं वाचन संपवून त्याच दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात, नाचतात. दोन काठ्यांना लांब कागद चिकटवून मुलांना स्वतःची गोष्ट लिहू द्या, तोराची नक्कल नको.

सिनेगॉग दाखवायचं असेल तर आधी परवानगी घ्या. शनिवार आणि सणाचे दिवस टाळा, मुलग्यांसाठी टोप्या न्या, फोटो काढण्यापूर्वी विचारा.